खाटवाल्या बाई

बाई भाजी घ्यायला बाजारात यायच्या तेव्हाही त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असायचं. स्कूटी बाजाराच्या तोंडाशी लावलेली, हातात पिशवी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगावर फिकट निळी सुती साडी आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट. भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं एकदा विचारलंच, "बाई, भेंडी काय उडून डोस्क्यात बसती व्हय?" बाई गंभीरपणे म्हणाल्या, "काढून ठेवलं की मी ते विसरते. डोक्यावर असलं की आठवतं." भाजीवाल्यांना ते पटलं. लोहाऱ्यातली कुत्री मात्र त्यांच्यावर शेवटपर्यंत भुंकत राहिली.

बाई मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची उमर गेली. लग्न केलं नाही. तो दवाखाना बंद पडला तेव्हा मिशननं त्यांना आमच्या लोहाऱ्याला पाठवलं, मुलींचं वसतिगृह काढायला. आमच्या भागात धनगराच्या पोरी शाळेत जायच्या त्या दिवाळीपर्यंत. पुढं आईबाप मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघाले की पोरीही त्यांच्यामागं निघायच्या आणि शाळा मागं राहायची. अशा पोरींना राहायला जागा करायची, हे बाईंचं काम.

त्यांची भाषा ऐकून आम्ही पोरी चकित व्हायचो. बायबलाच्या पानातून उचलून आणल्यासारखे शब्द. एकदा भिंतीवरची पाल बघून मी किंचाळले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "भयभीत होऊ नकोस, मुली. तीही आपल्यासारखीच इथे वस्तीला आली आहे." पाल हलली नाही, बाईही हलल्या नाहीत. मीच बाहेर जाऊन उभी राहिले. पुढं लोहाऱ्याचं पाणी त्यांच्या भाषेला लागलं. काही वर्षांनी तर त्या प्रार्थनेतही म्हणायला लागल्या, "प्रभो, आज लई उपकार झाले." हे ऐकून नगरहून आलेल्या एका पाळकांना खोकला आला होता म्हणे.

बाईंना बेत आखायची भारी हौस. त्यांच्या खोलीच्या दाराची आतली बाजू त्यांनी काळ्या रंगानं रंगवून घेतली होती. रोज सकाळी त्या दारावर खडूनं दिवसाचा बेत लिहायचा. कडीला एक ओलं फडकं अडकवलेलं असायचं. मी विचारलं, "बाई, वहीत का लिहीत न्हाय?" तर म्हणाल्या, "वहीतलं खोडावं लागतं. खोडलेलं दिसत राहतं आणि मन खट्टू होतं. हे पुसलं की दार पुन्हा नवं."

आणि ते रोज पुसावं लागायचंच. बेत मोडला की बाई कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं." पुढं लगेच, "आता बघू." एकदा त्या दूरच्या एका वस्तीवर पालकांना भेटायला निघाल्या आणि वाटेत स्कूटी पंक्चर झाली. "बरं झालं," म्हणत बाई शेजारच्या रानात तुरीच्या शेंगा तोडणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. तिथं एका म्हातारीच्या पायाची चिघळलेली जखम धुतली, बांधली. वस्तीवर त्या दिवशी पोचल्याच नाहीत. म्हातारी त्याच वस्तीतली निघाली, आणि दोन दिवसांनी तिथलीच माणसं बाईंचं घर हुडकत आली. बरं झालं म्हणणं ही त्यांची सवय होती की श्रद्धा, मला अजून सांगता येत नाही.

लोहाऱ्यात एकदाच असं झालं की बेत मोडला आणि बाईंच्या तोंडून ते दोन शब्द लगेच निघाले नाहीत. तेव्हा मी तिथं होते. खरं तर मीच अडचण होते.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला मी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लोहाऱ्याला ये-जा करत होते. दिवाळीनंतर आईवडील निघाले की घरात राहणार कोण, हा प्रश्न होताच. थोरल्या बहिणीची शाळा अशीच सुटली होती आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. माझ्यासाठीही मामाचा मुलगा ठरल्यात जमा होता. मला शिकायचं होतं. का, ते विचारलं असतं तर तेव्हा सांगता आलं नसतं. पण मेंढरांमागं जायचं नाही आणि मामाच्या घरी तर मुळीच नाही, एवढं पक्कं होतं. म्हणून बाईंच्या वसतिगृहाचं कळलं तेव्हा मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, इतकी मागं लागले की शेवटी ते वैतागून हो म्हणाले.

वसतिगृह दिवाळीनंतर उघडणार होतं. पण त्या वर्षी पाऊस लवकर उघडला, रानातला चारा संपला आणि आबांना कळप दिवाळीआधीच हलवावा लागला. त्यांनी माझी पेटी खांद्यावर घेतली आणि मला बाईंच्या दारात आणून उभं केलं.

बाई म्हणाल्या, "अहो, अजून उद्घाटन व्हायचं आहे. दारांना कड्यासुद्धा नाहीत."

"तुमची तारीख तुमच्यापाशी, बाई," आबा म्हणाले. "मेंढरं तारीख बघून खात न्हाईत. पोरगी ठिवून घ्या. कड्याचं मी बघतो."

आणि खरंच त्यांनी दिवसभर बसून वसतिगृहासाठी घेतलेल्या पत्र्याच्या शेडमधल्या सगळ्या दारांना कड्या ठोकल्या. ओळीनं मांडलेल्या लोखंडी खाटा काठीनं ठोकून बघितल्या. मग "नीट ऱ्हा" एवढं म्हणून गेले. खाटा नव्या कोऱ्या, हिरव्या रंगाच्या होत्या. सगळ्या रिकाम्या, एकीवर मी.

आठवडाही झाला नसेल. नगरहून बाईंना फोन आला. बाई पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या आणि "हो, हो" म्हणत होत्या. बाहेरून यायची मदत बंद झाली होती. वसतिगृह होणार नव्हतं. शेड सोडायचं, खाटा परत पाठवायच्या आणि बाईंनी नगरला निवृत्त सेवकांच्या घरी राहायला यायचं, असं वरच्यांनी ठरवलं होतं.

बाई आत आल्या. दारावर वसतिगृहाचा सगळा बेत लिहिलेला होता: सकाळची उपासना, अभ्यास, शाळा, संध्याकाळी शास्त्रपाठ, डिसेंबरात नाताळचं नाटक. हा एकच बेत त्यांनी कित्येक दिवस पुसला नव्हता. त्यांनी फडकं हातात घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. फडक्यातून पाणी गळून बुटांवर पडत होतं. दार त्यांनी पुसलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी माझ्या पेटीवर बसून होते.

"तुला आईवडिलांकडे पोचवायला हवं," बाई शेवटी म्हणाल्या. आबांचा मोबाईल बंद लागत होता. रानात चार्जिंग करायला वीज कुठली? "कुठे असतील ते आता?"

"कुणाच्या तरी रानात."

"कुणाच्या?"

"जो बसवून घील त्याच्या."

बाईंना काही कळलं नाही. मग मी सांगितलं. मेंढरं घेऊन आमची माणसं परंड्याच्या अंगानं, सीना नदीच्या काठाकाठानं जातात. दिवस मावळायला आला की एखाद्या शेतकऱ्याला विचारायचं. त्याच्या मोकळ्या रानात जाळी लावून कळप बसवायचा. त्याला खत मिळतं, आपल्याला जागा मिळते. ओळख लागत नाही. आज एकाच्या रानात, परवा दुसऱ्याच्या.

"आणि अनोळखी माणसाच्या शेतात भीती नाही वाटत?"

"राखण आपलीच असती की," मी म्हटलं. आणि मग मला रडू फुटलं. "बाई, मला परत नगं जायाला. मला धाडू नका."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग खाटांच्या ओळीकडं बघत राहिल्या. मग उठल्या, फडकं ओलं केलं आणि वसतिगृहाचा सगळा बेत वरपासून खालपर्यंत पुसून काढला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता बघू."

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. त्यात माझी खाट चढवली, माझी पेटी चढवली, आणि बाई हेल्मेट घालून ड्रायव्हरशेजारी बसल्या. शाळेमागच्या गल्लीत एक विधवा बाई शिवणकाम करायच्या. मुलगा हैदराबादला असायचा. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची. बाई त्यांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "खाट आमची, मुलगी आमची, अभ्यास मी घेईन. जागा तेवढी तुमची द्या."

खालांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खाती कितना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन भाकरी. "झूट," खाला म्हणाल्या. "ये उमर में चार लगते. आन दो खाट अंदर. दरवाजे के पास नक्को, पोरीला वारं लागतंय."

असं ते वसतिगृह सुरू झालं. बाकीच्या पोरींच्या आईबापांना बाईंनी शब्द दिलेला होता, तो मोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. एक खाट किराणा दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत गेली, एक शिक्षक जोडप्याच्या घरी, एक पोस्टमनच्या, एक गुऱ्हाळवाल्याच्या. टेम्पो हिरवी खाट घेऊन गल्लीत शिरला की पोरं ओरडायची, "खाटवाल्या बाई आल्या!" मी बाईंना विचारलं होतं, "शेतकऱ्याला खत मिळतं. ह्या लोकांना काय मिळंल?" बाई जराही न लाजता म्हणाल्या, "मी मिळेन."

आणि मिळाल्या. रोज संध्याकाळी त्या स्कूटीवरून घरोघर फिरायच्या. पोरीचा अभ्यास बघायचा, घरातल्या म्हाताऱ्याचं बीपी बघायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं. प्रत्येक घरी ताटावर बसायचा आग्रह व्हायचा आणि बाई कधी नाही म्हणायच्या नाहीत. स्वतःला फक्त उप्पीट करता यायचं आणि तेही गोळे असलेलं, हे त्याचं खरं कारण. जेवणाआधी मात्र डोळे मिटून दोन ओळी म्हणायच्या. खालांकडं त्या थांबायच्या तोवर खालाही आपलं बिस्मिल्ला म्हणून घ्यायच्या, आणि मी तेवढ्यात लोणचं पळवायची. उपासना म्हणून काय ती तेवढीच उरली होती. बाकीची प्रार्थना एका घराहून दुसऱ्या घरी जाताना, स्कूटीवर. "डोळे उघडे ठेवून चालते का?" मी विचारलं. "रस्त्यावर त्यालाही तेच बरं वाटत असेल," बाई म्हणाल्या.

नाताळचं नाटकही तसंच झालं. शेड हातचं गेलेलं, म्हणून ते खालांच्या अंगणात केलं. मेंढपाळ व्हायला आम्ही सगळ्याच तयार. मरिया व्हायला कुणी तयार होईना.

पुढं कधीतरी नगरहून मिशनचे एक साहेब गाडी घेऊन आले. खाटा अजून परत का आल्या नाहीत, हे बघायला. बाईंनी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. हेल्मेट एकच, ते साहेबांच्या डोक्यावर चढवलं आणि त्यांना घरोघर फिरवलं. प्रत्येक घरी चहा. शेवटी ते आमच्याकडं आले तेव्हा साहेबांना पाणीही नको झालं होतं. मी खाटेवर पुस्तक घेऊन बसले होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"काम चांगलं आहे," साहेब हेल्मेट काढत म्हणाले. "पण एवढ्या दिवसांत प्रभूकडे किती जण आले, बाई?"

बाईंनी नीट विचार केला. "एक," त्या म्हणाल्या. "तीही अजून पुरती नाही."

"कोण?"

"मी."

साहेबांनी हेल्मेट बाईंच्या हातात दिलं. मग खालांना म्हणाले, "चहा फार छान होता." नगरला जाऊन त्यांनी सांगितलं की खाटा वापरात आहेत आणि सुस्थितीत आहेत. पुन्हा कुणी न्यायला आलं नाही. बाईही गेल्या नाहीत. आपल्या पेन्शनीत त्या लोहाऱ्यातच एका खोलीत राहिल्या. दार रंगवून घेतलं, अर्थातच.

पण त्याआधी, पहिल्याच उन्हाळ्यात, आबा परत आले तेव्हा काय झालं ते सांगायला हवं. त्यांचा मोबाईल मधे कधी लागलाच नव्हता, म्हणून आबा थेट शेडवर गेले. तिथं कुणाचा तरी कडबा भरलेला. त्यांनीच ठोकलेल्या कड्यांना कुलपं. विचारत विचारत ते खालांच्या दारात आले. बाई तिथंच होत्या. आबांचा आवाज गल्लीभर गेला.

"वसतिगृह म्हणून पोरगी सोडली, आन् तुमी लोकाच्या घरात ठिवली? ना वळख, ना नातं! पावणे म्हणत हुते पोरगी बाटवत्याल, ते परवडलं. हे काय केलं तुमी?" आणि माझ्याकडं वळून, "पेटी भर. मामा वाट बघतोय."

मी पेटीला हात लावला नाही. पण मला माहीत होतं, आता संपलं. खालांनी शिवणयंत्र थांबवलं.

बाई म्हणाल्या, "न्या. मुलगी तुमची आहे. माझ्या प्रभूबद्दल ती विचारेल तर मी सांगेन, लपवणार नाही. पण शाळेच्या बदल्यात ऐकवणार नाही, हेही सांगते. फक्त एक विचारू? तुम्ही काल रात्री मेंढरं कुठं बसवली होती?"

"एका शेतकऱ्याच्या रानात."

"ओळखीचा होता?"

आबांनी मुंडासं सारखं केलं.

"मला हे तुमच्या मुलीनं शिकवलं," बाई म्हणाल्या. "माझं रान गेलं. म्हणून मी दुसऱ्यांच्या रानात बसवल्या."

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"राखण कोण करतंय?"

"मी. रोज."

"चला, दावा," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आबा बाईंच्या मागं स्कूटीवर बसले. मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि पुढं लाल हेल्मेट. लोहाऱ्यानं असला देखावा पुन्हा पाहिला नाही. आबा प्रत्येक घरात गेले. खाट काठीनं ठोकून बघितली, दाराची कडी ओढून बघितली, पोरीला विचारलं, "पोटभर मिळतंय का?" घरातल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन बघितलं. दिवेलागणीला ते परत आले. मी उंबऱ्यात उभी होते. पेटी भरलेली नव्हती.

आबांनी पेटीकडं बघितलंही नाही. बाईंना म्हणाले, "मोजल्या. बरूबर हायत." आणि खालांना म्हणाले, "रात्रीच्याला दुधाचा तांब्या धाडतो. पोरगी वाळलीया." मामाकडं त्यांनी काय निरोप दिला मला ठाऊक नाही. पण त्यानंतर दर वर्षी निघायच्या आधी आणि आल्यावर ते बाईंच्या मागं बसून सगळी घरं फिरायचे आणि मोजायचे.

मी बारावी झाले, नर्सिंग केलं, उमरग्याच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. हायवेच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. देव्हाऱ्यात बिरोबा आहे आणि नाताळात दारावर चांदणी लागते. आज माझ्या हाताला जे काही येतं, त्याची सुरुवात त्या मोडलेल्या बेतातून झाली. वसतिगृह ठरल्याप्रमाणे झालं असतं तर खालांच्या हातच्या चार भाकऱ्या मला मिळाल्या नसत्या. बाईंच्या मागून आजाऱ्यांच्या घरी जायला मिळालं नसतं, आणि नर्स व्हायचं डोक्यातही आलं नसतं. हे मी बाईंना कितीदा सांगितलं. त्या फक्त "बरं झालं" म्हणायच्या.

म्हातारपणी बाई स्कूटीवरून पडल्या आणि खुबा मोडला. डोक्याला काही झालं नाही, हे सांगायला नको. आमच्याच दवाखान्यात आणलं. नगरच्या निवृत्तांच्या घरी त्यांची जागा ठरलेली होती, नगरला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीची खोलीही तिथंच होती. पण अंथरुणाला खिळलेलं माणूस तिथल्या नियमात बसत नव्हतं. फोन आला तेव्हा बाईंनी ऐकून घेतलं, मोबाईल उशाशी ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी वाट बघत होते. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांना असं गप्प मी दुसऱ्यांदाच बघत होते.

मी लोहाऱ्याला गेले. खाला आता नाहीत, पण त्यांच्या सुनेनं माझी हिरवी खाट तशीच ठेवली होती. ती टेम्पोत घालून मी घरी आणली, पुढच्या खोलीत मांडली आणि बाईंना तिच्यावर आणून निजवलं.

"हा बेत नव्हता गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "असं कुणाच्या तरी घरात..."

"जो बसवून घील त्याच्या," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. पुढं त्या वर्षभर त्याच खाटेवर होत्या आणि तिथंच गेल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू त्यांच्याच हट्टानं मी काळी करून घेतली. पण मला त्यांचा तो पहिला दिवस सगळ्यात जास्त आठवतो.

त्या दिवशी संध्याकाळी आबा गावाहून आले. आता मेंढरं विकलीत, पाठीत बाक आलाय, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांना बाई आल्याचं सांगितलं नव्हतं. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी सवयीनं काठीच्या टोकानं घरातली माणसं मोजली: मी, आमचे हे, दोन्ही पोरं. मग काठी खाटेकडं वळली आणि थांबली. आबा पुढं गेले. वाकून नीट बघितलं. मग काठीनं खाटेचा पाय ठोकून बघितला, घट्ट आहे ना म्हणून.

"ही एकच बाहीर ऱ्हायलीती," आबा म्हणाले. "आता बरूबर झालं."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"लई बरं झालं," त्या म्हणाल्या.